पाणी तपासणाऱ्या बाई

बाई आधी हुंगायच्या, मग बोलायच्या. लॅबच्या दारात कुणीही आलं की त्या खुर्चीवरून उठायच्या, मान जराशी पुढे करून श्वास आत घ्यायच्या आणि मग ठरवायच्या, याला आत घ्यायचं की दारातूनच वाटेला लावायचं. विडी ओढून आलेला वॉर्डबॉय बाहेर. अत्तर लावून आलेला औषध कंपनीचा माणूस बाहेर. आमच्या लॅबचे मालक स्वतः डॉक्टर होते. ते एकदा केसांना नुकताच कलप लावून आले, तर बाईंनी त्यांनाही जिन्यात थांबवलं.

"तिथूनच बोला, सर. तुमच्या केसांना अमोनिया आहे."

मालक बिचारे जिन्यात उभे राहून बोलले आणि गेले.

माझ्या पहिल्या दिवशी बाईंनी माझे दोन्ही तळवे मागून घेतले आणि नाकाशी नेले. मी सुप्याहून सकाळच्या एसटीने नगरला आले होते. विहाराच्या मागे आमची वस्ती. तिथली नोकरीला लागलेली मुलगी मीच पहिली. वडील सुप्याच्या एमआयडीसीत कामाला होते आणि मी लॅबमध्ये लागले हे त्यांनी पाळीवरच्या प्रत्येकाला सांगितलं होतं. इतक्या कौतुकाने मी आलेली, आणि या बाई माझे हात हुंगतायत.

"सकाळी काय धुतलंस?"

"मोरी घासली, बाई."

"उद्यापासून संध्याकाळी घासत जा."

एवढंच. नाव, गाव, टक्के नंतर विचारलं.

त्या हुंगण्यामागचं कारण मला महिनाभराने नीट कळलं. नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती. आमच्याकडे छातीतलं पाणी तपासायला यायचं. फुप्फुसाभोवती पाणी साठतं, माणसाला धाप लागते, डॉक्टर पाठीतून सुई घालून ते काढतात. पाणी टीबीने झालंय की दुसऱ्या कशाने, हे ठरवणं अवघड, कारण त्या पाण्यात टीबीचे जंतू फारच थोडे असतात. सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेक वेळा काहीच दिसत नाही, आणि जंतू वाढवून बघायचे म्हटलं तर आठवडेच्या आठवडे जातात. पण टीबी असेल तर शरीराच्या लढणाऱ्या पेशी तिथे गोळा होतात आणि त्यांचं एक एन्झाइम पाण्यात उतरतं. त्याचं मोजमाप म्हणजे एडीए. बाई एन्झाइम म्हणत नसत, शाळेच्या पुस्तकातला शब्द वापरत. "विकर म्हण. आपल्याकडे शब्द आहे."

या विकराला त्याचं खाद्य घालून तासभर कोमट पाण्यात ठेवलं की त्यातून अमोनिया सुटतो. मग दोन रसायनं घातली की नळी निळी होते. जितकी निळी, तितकं विकर जास्त. आता हवेतला अमोनियाच जर नळीत शिरला, तर नळी उगाच निळी होणार. म्हणून बाईंचं नाक. लॅब पूर्वी तळमजल्यावर मुतारीशेजारी होती. ती वरच्या मजल्यावर हलवावी म्हणून बाई आठ दिवस दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि एकही तपासणी केली नव्हती, असं जुने लोक सांगत.

बाई एमएस्सी होत्या. आधी बरीच वर्षं एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये रस तपासायला होत्या. तिथे बाईमाणूस त्या एकट्याच. ती नोकरी का सोडली, हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेही परीक्षानळ्या धुताना, माझ्याकडे न बघता. "साखरेचा उतारा वाढवून लिहा म्हणाले. मी आहे तो लिहिला. मग त्यांनी लिहायला दुसरा माणूस ठेवला."

लग्न केलेलं नव्हतं. मनगटावर पुरुषी घड्याळ, सुती पातळ, केसांचा घट्ट अंबाडा, त्यात फूल कधी नाही. चहा जिन्यात उभ्याने, भिंतीकडे तोंड करून प्यायच्या. पिपेट हातात असताना पंखा बंद, बोलणं बंद. नळ्यांना त्या नंबर घालायच्या, पण तोंडाने नंबर कधी घेतला नाही. गावाचं नाव घ्यायच्या. "राहुरी झालं का? शेवगाव बाहेर काढ. पारनेरला अजून दहा मिनिटं." कुणी नवखा ऐकत असता तर त्याला वाटलं असतं, एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीतच आलोय.

प्रत्येक नमुना दोन नळ्यांत लावायचा, दोन्ही नळ्यांना रबरी बूच लावायचं, दोन्ही आकडे वहीत लिहायचे, हा त्यांचा नियम. दोन आकडे जुळले नाहीत तर रिपोर्ट द्यायचा नाही. आणि रिपोर्टखाली त्या स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहायच्या. 'हा आकडा एकटा पुरेसा नाही, रोग्याला तपासून ठरवावे.' डॉक्टर लोक या ओळीला हसायचे. चाळीसच्या वर म्हणजे टीबी, खाली म्हणजे नाही, असा त्यांचा सोपा हिशेब. बाई म्हणायच्या, "पू झाला तरी वर जातं. दुसऱ्या दोन-चार रोगांतही जातं. आकडा बोट दाखवतो. बघायचं डॉक्टरनेच."

एकदा उन्हाळ्यात पाथर्डीकडून एक नमुना आला, खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत, एसटीच्या टपावर ठेवलेल्या पेटीतून. बाईंनी बाटली गालाला लावली, बूच काढून हुंगली आणि पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला.

"दुसरं पाणी पाठवा. बर्फात."

तिकडून ते चिडले असावेत. बाई शांतपणे म्हणाल्या, "आकडा देईन हो. पण तो उन्हाचा असेल, तुमच्या पेशंटचा नाही."

त्या फोन ठेवून परत नळ्यांकडे वळल्या आणि मला म्हणाल्या, "पाणी खरं सांगतं. त्याला नीट विचारायला लागतं." हे त्या इतक्या वेळा म्हणायच्या की मला त्यांच्या आवाजासकट पाठ झालं होतं. पाठ असणं आणि अंगात मुरणं वेगळं, ते पुढे कळलं.

मी लागून दीडेक वर्ष झालं असेल. बाईंची बहीण संगमनेरला आजारी होती, म्हणून त्या दोन दिवस रजेवर गेल्या. त्यांनी रजा घेतलेली मी तोवर पाहिली नव्हती. जाताना त्यांनी मला चावी दिली, फ्रीज दाखवला, सगळं पुन्हा एकदा सांगितलं. मला आतून फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुणतांब्याचा नमुना आला. किसनराव नावाचे पेरूचे बागायतदार, पन्नाशीचे. त्यांना गावातल्याच डॉक्टरांनी नगरला पाठवलं होतं आणि इथल्या डॉक्टरांना कॅन्सरची शंका होती. पाणी थोडंच निघालं होतं, जेमतेम दोन नळ्यांपुरतं. नमुना घेऊन त्यांची बायको सिंधूबाई स्वतः आल्या होत्या. बाकावर बसल्या आणि पदराशी चाळा करत मला म्हणाल्या, "ताई, टीबीच हाय न्हवं? टीबीच असू द्या. टीबी औशिदानं जातो म्हनत्यात."

टीबी असू दे म्हणून देवाला हात जोडणारं माणूस मी पहिल्यांदा बघत होते.

मी नळ्या लावल्या. एका नळीला बूच लावलं. दुसऱ्या नळीला लावायला कोरडं बूच हाताशी नव्हतं, धुतलेली ओलीच होती. म्हटलं, तासाभराचा तर प्रश्न आहे. नळी तशीच खिडकीजवळच्या कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवली. तासाभराने रसायनं घातली आणि रंग चढला तेव्हा एक नळी फिकी होती आणि दुसरी गडद निळी. आकडे घेतले. एक चाळीसच्या रेघेच्या बराच खाली, एक रेघेच्या कितीतरी वर.

पुन्हा करायला पाणी शिल्लक नव्हतं. डॉक्टरांचा माणूस रिपोर्टसाठी दारात उभा होता. सुप्याची गाडी सुटायची वेळ झाली होती. आणि बाकावर सिंधूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. 'नमुना पुन्हा हवा' असं लिहिणं एवढंच काम होतं. पण मला वाटलं, बाई आल्यावर म्हणतील, दोन दिवस दिले तर हिला एक तपासणी धड जमली नाही. आणि खरं सांगायचं तर सिंधूबाईंना आनंद द्यावा असंही वाटलं. मी मोठा आकडा वहीत दोन्ही रकान्यांत लिहिला.

रिपोर्ट गेला. त्या आकड्यावर डॉक्टरांनी टीबीची औषधं सुरू केली. सिंधूबाई दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये पेढे देऊन किसनरावांना घेऊन गावी गेल्या.

बाई रजेवरून आल्या त्या दारातच थांबल्या. मान पुढे केली, श्वास घेतला आणि चपला न काढताच खिडकीशी गेल्या. "कधीपासून आहे हा वास?"

मला कसलाच वास येत नव्हता. बाई जिना उतरून खाली गेल्या. तळमजल्यावर घरांच्या नकाशांच्या प्रती काढून देणारं दुकान होतं. तिथे आठवड्याभरापूर्वी नवीन मशीन आलं होतं. ते अमोनियावर चालायचं आणि त्याचा पाइप आमच्या खिडकीखालीच निघाला होता. बाई वर आल्या, खिडकी लावून घेतली आणि वही मागितली. मशीन आल्यापासूनच्या नमुन्यांवर बोट ठेवत गेल्या. तीन नमुने होते. दोघांचं उरलेलं पाणी फ्रीजमध्ये होतं. त्यांनी ते त्याच दिवशी पुन्हा लावलं, आकडे पहिल्यासारखेच आले. राहिलं पुणतांबा.

"दोन्ही नळ्यांत सारखंच आलं होतं?"

"हो, बाई."

"बुचं होती?"

"हो."

बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही, वहीकडेच बघत राहिल्या. "मग अमोनिया बुचाच्या कडेने शिरला असेल. मशीन आलंय हे मलाच आधी कळायला हवं होतं. त्या दिवसांत मी सर्दीने भरले होते." त्यांनी माझ्या शब्दावर एवढा विश्वास ठेवला की दोष स्वतःच्या नाकाला दिला.

त्या मालकांकडे गेल्या, मीही मागे होते. मालक म्हणाले, "बाई, कशाला उकरून काढता? औषध लागू पडलं नाही तर दोन महिन्यांत डॉक्टरांना कळेलच."

"कुणाचे दोन महिने, सर?"

मालकांनी फोन पुढे सरकवला. बाईंनी तिथूनच किसनरावांच्या डॉक्टरांना फोन करून आकडा चुकीचा असल्याचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, पेशंटला पत्र टाकतो. बाईंना ते पुरेसं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी निघालो, माळीवाडा स्टँडवरून श्रीरामपूर आणि तिथून गाडी बदलून पुणतांबा. वाटेत मी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं.

घर बागेतच होतं. सिंधूबाईंनी आम्हाला बघितलं आणि हातातलं काम टाकून पुढे आल्या. "आवं, लॅबवाल्या ताई! या, या." किसनराव ओसरीवर बाजेवर बसले होते. चेहरा उतरलेला, शेजारी पितळी तस्त. गोळ्या सुरू झाल्यापासून पोटात काही ठरत नाही म्हणाले. "पन आसू दे. बरं व्हायचं म्हंजी येवढं सोसावंच लागंल."

सिंधूबाईंनी चहा टाकायला घेतला. बाई म्हणाल्या, "चहा नको. आधी ऐकून घ्या. तुमचा रिपोर्ट चुकलाय."

"म्हंजी?"

"म्हणजे टीबी असेल, नसेलही. तो आकडा खरा नव्हता. चूक माझी आहे. पाणी पुन्हा काढून तपासावं लागेल."

सिंधूबाईंचा आवाज चढला. "मंग आलात कशाला ह्ये सांगाया? दोन दिस झालं मानूस हसाया लागलंय. पोरीला सासरी निरोप धाडला, बाबाला काय न्हाई म्हून. आता तिला काय सांगू मी? तुमाला काय, चुकलं म्हनायचं अन् जायचं!"

बाईंनी मान खाली घातली नाही, नजरही चुकवली नाही. बोलून घेऊ दिलं. मी त्यांच्या मागे उभी होते. पेरूच्या झाडांवर पाखरं हाकलायला बांधलेले डबे वाऱ्याने वाजत होते आणि मला वाटत होतं, मी आत्ता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही. मी बोलले नाही.

किसनरावच म्हणाले, "गप ए. त्या एवढ्या लांबून आल्यात." मग बाईंना विचारलं, "सुई परत?"

"परत."

"न्हाई केलं तर?"

"तर या गोळ्या कशासाठी खाताय, हे तुम्हालाही माहीत नसेल आणि डॉक्टरांनाही."

त्यांनी तस्त बाजूला सरकवलं. "उद्या येतो," म्हणाले.

परतीच्या गाडीत बाई खिडकीशी बसल्या. राहुरी मागे पडलं तेव्हा मी सांगून टाकलं. बूच, दोन वेगळे आकडे, दोन्ही रकाने. सांगताना मला रडू येत होतं आणि पुढच्या बाकावरची माणसं वळून बघत होती.

बाईंनी एकच विचारलं. "दुसरा आकडा किती होता?"

मी सांगितला. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे खरं तुझ्या हातात होतं," त्या म्हणाल्या.

नगर येईपर्यंत त्या पुढे एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, नोकरी गेली. वडिलांना काय सांगायचं, याची मी मनात वाक्यं जुळवत होते. दुसऱ्या दिवशी बाईंनी वही माझ्यापुढे उघडून ठेवली. जे खरं घडलं ते त्या नोंदीखाली मला लिहायला लावलं, सही करायला लावली आणि खाली स्वतःची सही केली. "मालकांना मी सांगणार नाही. पुणतांब्यालाही नाही. ते तुझं तू बघ."

किसनराव आले. नवीन पाणी बाईंनी स्वतः चार नळ्यांत लावलं, नळ्या धरायला मला जवळ उभं केलं. चारही नळ्या फिक्याच राहिल्या. रिपोर्ट हातात देताना बाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि समोर आपण स्टुलावर बसल्या. पुढे पुण्यात फुप्फुसाच्या आवरणाचा तुकडा काढून तपासला, तेव्हा कॅन्सर ठरला. फार पुढे गेलेला होता.

टीबीच्या गोळ्या बंद झाल्या तशी त्यांची ओकारी थांबली. पेरूच्या हंगामात ते एकदा पुन्हा पाणी काढून घ्यायला नगरला आले होते, तेव्हा लॅबचा जिना थांबत थांबत चढून वर आले. बाईंना म्हणाले, "जेवन जातंय आता. भाकरी गोड लागती. पोरगी येऊन ऱ्हायलीय, तिच्या हातचं खातोय." उन्हाळा लागायच्या आत ते गेले.

त्यांच्या डॉक्टरांकडून ते कळलं त्या दिवशी बाईंनी तपासण्या केल्या, नळ्या धुतल्या, टेबल पुसलं आणि जिन्यात भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभ्या राहिल्या. हातात कप नव्हता.

पुढे तयार रसायनांची पाकिटं आली, मग तपासणीचं मशीन आलं. बाई मशीनलाही दोनदा विचारायच्या. साठी झाल्यावर त्या संगमनेरला बहिणीकडे राहायला गेल्या आणि दोन वर्षांत तिथेच वारल्या. मला कळलं तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. लॅब तोवर माझ्याकडे आली होती. मालकांना मी सगळं सांगितलं होतं, पण तेही बाई गेल्यावर. पुणतांब्याला मात्र गेले नव्हते. दर वर्षी जाईन म्हणायचे.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. एका सकाळी दारात सिंधूबाई उभ्या दिसल्या. हातात बर्फाचा डबा, त्यात बाटली. धाकट्या दिराला धाप लागत होती, पाणी निघालं होतं. श्रीरामपुरात तपासणी होते म्हणून तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी त्या इथवर आल्या होत्या.

"बाई कुटं हायेत?"

मी सांगितलं. त्या बाकावर बसल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "लई बोलले हुते मी त्यांला. पन मागनं कळलं. मानूस घरी येऊन चुकलं म्हून सांगतं, ते लई अवघड. म्हून हितंच आनलं पानी."

मी डबा हातात घेतला आणि परत खाली ठेवला.

"सिंधूबाई, तेव्हा बाई रजेवर होत्या. ती चूक त्यांची नव्हती. माझी होती. मला दोन आकडे आले होते. मी खोटा लिहिला."

"पन त्या तर म्हनल्या, माजी चूक."

"त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. मी खोटं बोलले होते. त्या तुमच्यापुढे बोलत होत्या तेव्हा मी मागेच उभी होते."

"व्हय. रडत हुतीस." डब्यातला बर्फ विरघळून खाली ओघळ आला. मग त्यांनी डबा उचलून माझ्या हातात दिला. "मंग ह्ये तरी नीट कर."

मी पंखा बंद केला. नमुना तीन नळ्यांत लावला, तिन्हींना कोरडी बुचं लावली. तिन्ही आकडे एकमेकांना लागून आले, रेघेच्या बरेच वर. दिराचं वय कमी होतं, रोज संध्याकाळी ताप येत होता, डॉक्टरांनाही टीबीच वाटत होता. मी रिपोर्ट लिहिला, खाली बाईंची ती ओळ माझ्या अक्षरात लिहिली आणि बाहेर येऊन सांगितलं.

सिंधूबाई लगेच हसल्या नाहीत.

"दोनदा बघितलंस?"

"तीनदा."

त्यांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि मगच, बाकाच्या कडेला हात टेकून, रडल्या.